हळू ताणलं की वाकतं, जोरात मारलं की फुटतं, असं का?

एक लोखंडी तार वर घट्ट पकडून खाली सोडलीये, आणि तिच्या खालच्या टोकाला एक थांबा बसवलाय. तारेत ओवलेलं एक वजन वरून सोडायचं, ते घसरत येऊन त्या थांब्यावर आदळणार. तार तुटली तर कुठे तुटेल? बहुतेक जण म्हणतील खालीच, मार तिथे बसतोय ना. जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८७२ मध्ये हा प्रयोग केला तेव्हा तार बरेचदा वर तुटली, जिथे पकडली होती तिथे, म्हणजे मारापासून सगळ्यात लांब. आणि त्याहून विचित्र म्हणजे वजन किती उंचीवरून सोडलं यावर सगळं ठरत होतं, ते किती जड आहे याने फारसा फरकच पडत नव्हता.

हे पचायला जड जातं कारण आपल्या डोक्यात लोड म्हणजे एकदम सगळीकडे पोचणारी गोष्ट असते. दोरीला वजन टांगलं की अख्ख्या दोरीला ताण बसतो, विषय संपला. पण कुठल्याही वस्तूच्या एका टोकाला धक्का दिला की त्या धक्क्याची खबर दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो, लांबलचक रांगेत शेवटच्याने ढकललं की पहिल्याला धक्का जरा उशिरा लागतो ना, तसं. फक्त घन पदार्थांत ही खबर भयंकर वेगाने जाते. स्टीलच्या सळईत साधारण ५ किलोमीटर प्रति सेकंद, म्हणजे १ मीटरची सळई पार करायला २०० मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद). रोजच्या कामात हा वेळ शून्यच धरा. पण मारच जर १० मायक्रोसेकंदांचा असेल तर तो संपेपर्यंत सळईच्या फक्त ५ सेंटीमीटर भागाला काही झालंय हे कळलेलं असतं, बाकीची ९५ सेंटीमीटर अजून निवांत आहे.

इथेच सगळी गोम आहे. वेगवान माऱ्यात ती वस्तू एकसंध वस्तू म्हणून वागतच नाही, तिचा जेवढा भाग जागा झालाय तेवढाच लढतो.

आता वजनाचं कोडं. धक्क्याची खबर जाते ती लाट बनून. धक्का बसल्या क्षणी तारेत जो स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागचा जोर, तयार होतो तो तीन गोष्टींचा गुणाकार असतो, पदार्थाची घनता, त्यातला लाटेचा वेग, आणि टोक ज्या वेगाने ओढलं गेलं तो वेग. वजनाचं वस्तुमान या हिशोबात येतच नाही. स्टीलची घनता ७८०० किलो प्रति घनमीटर, लाटेचा वेग ५००० च्या आसपास, आणि टोकाचा वेग १० मीटर प्रति सेकंद धरला तर जवळपास ४०० मेगापास्कल (स्ट्रेस मोजायचं एकक) होतात. साधं माइल्ड स्टील २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं! आणि १० मीटर प्रति सेकंद म्हणजे काय तर ५ मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग. वजन जड असलं तर एवढंच होतं की तो स्ट्रेस जास्त वेळ टिकतो, हलकं असलं तर लवकर ओसरतो, पण पहिला फटका दोघांचा सारखाच. मग तार वर का तुटली? कारण लाट वर पोचली की तिला पुढे जायला जागा नाही, पकड हलत नाही, लाट परतते आणि येणारी आणि परतणारी एकमेकींवर चढून स्ट्रेस दुप्पट होतो. म्हणून खाली तार तुटायला जेवढा वेग लागतो त्याच्या साधारण निम्म्या वेगात ती वर तुटते.

आता समजा टोक पकडलेलं नाहीये, मोकळं आहे. मग उलटा प्रकार होतो, लाट परतताना तिचं चिन्हच बदलतं, दाबाची लाट गेली तर खेचण्याची लाट होऊन परत येते. दगड, काँक्रीट, काच हे सगळे दाबाला वाघ आणि ओढीला शेळी, काँक्रीट तर ओढीला दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढंच टिकतं. त्यामुळे समोरून मारलेला फटका पुढच्या बाजूला फार काही करत नाही, आतून दाब बनून शांतपणे निघून जातो, मागच्या पृष्ठभागावर आपटून ओढ बनतो आणि मागच्या बाजूचा एक थर टवक्यासारखा उडतो. याला स्पॉलिंग म्हणतात. हॉपकिन्सनचाच मुलगा बर्ट्रम याने १९१४ मध्ये स्टीलच्या प्लेटला चिकटवून गनकॉटन नावाचं स्फोटक उडवून हे दाखवलं, स्फोट पुढे आणि तुकडा मागून उडाला. यात आणखी एक बारकावा आहे, पहिला टवका उडाला की त्याच्याबरोबर लाटेचा काही भाग निघून जातो पण उरलेल्या लाटेला आता नवा मोकळा पृष्ठभाग मिळतो, तिथूनही ती परतते, आणि जोर शिल्लक असेल तर दुसरा थर सुटतो, मग तिसरा. रणगाड्याविरुद्धचा एक जुना तोफगोळा याच तत्त्वावर चालतो, तो चिलखत भेदायच्या भानगडीतच पडत नाही, बाहेर स्फोटकाचा चपटा लगदा होऊन चिकटतो आणि फुटतो, आणि आतल्या बाजूचे टवके आतल्या माणसांवर उडतात. म्हणून रणगाड्यांच्या आतून अस्तर लावायला लागले.

हे झालं लाटांचं. पण फुटणं म्हणजे शेवटी चीर पळणं, आणि चिरेचा स्वतःचा वेगळाच कारभार आहे.

काच बघा. अणूंमधल्या बंधांवरून हिशोब केला तर ती जेवढी मजबूत असायला हवी त्याच्या साधारण शंभराव्या हिश्श्यातच फुटते. इंग्लंडमध्ये फार्नबरोला काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथने १९२१ मध्ये याचं उत्तर दिलं. काचेवर आधीच बारीक बारीक चरे असतात, आणि चीर पुढे सरकली की आजूबाजूचा ताण मोकळा होऊन एनर्जी सुटते, दुसरीकडे नवे पृष्ठभाग तयार करायला एनर्जी खर्च होते. जमा खर्चापेक्षा जास्त झाली की चीर सुटली. आणि एकदा सुटली की जसजशी लांब होते तसतशी जमा वाढत जाते, म्हणून ती थांबत नाही, अजून जोरात पळते.

किती जोरात? थिअरीप्रमाणे उघडत जाणाऱ्या चिरेला रेले लाटेचा वेग ओलांडता येत नाही. रेले लाट म्हणजे पृष्ठभागावरून चालणारी लाट, काचेत तिचा वेग ३ किलोमीटर प्रति सेकंदाच्या थोडा वर. कारण सरळ आहे, टोकाकडे एनर्जी पोचवतात त्याही लाटाच, आणि चीर या वेगाच्या जितकी जवळ जाते तितकी टोकापर्यंत पोचणारी एनर्जी कमी होत शून्यावर येते. पण प्रत्यक्षात मोजलं तर काचेतली चीर १५०० मीटर प्रति सेकंदाच्या आसपासच अडकते, निम्म्यावर! (हे मोजणंही सोपं काम नाही, एका मायक्रोसेकंदात ती दीड मिलिमीटर पुढे गेलेली असते. १९२९ मध्ये क्रान्झ आणि शार्डिन या दोन जर्मन लोकांनी हलणारी फिल्म वगैरे सोडून देऊन एकामागून एक पेटणाऱ्या बऱ्याच ठिणग्या वापरल्या, प्रत्येक ठिणगीचा फोटो वेगळ्या जागी पडायचा. मला हा कॅमेरा फार आवडतो, त्यात वेगाने हलणारा एकही पार्ट नाही.)

निम्म्यावर का अडकते हे बरीच वर्षं कोडं होतं. १९९१ मध्ये टेक्सासमध्ये फिनबर्ग आणि मंडळींनी ॲक्रिलिकच्या शीटमधल्या चिरेचा वेग एकदम बारकाईने मोजला. ३४० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, म्हणजे रेले वेगाच्या साधारण ३६ टक्क्यांवर, सरळ जाणारी चीर अचानक थरथरायला लागते, वेग वरखाली होतो, आणि बाजूला बारीक बारीक फांद्या फुटायला लागतात. फांदी फुटली की पृष्ठभाग जास्त, पृष्ठभाग जास्त की खर्च जास्त, त्यामुळे चीर जास्त एनर्जी मिळूनही वेग वाढवू शकत नाही, मिळालेली एनर्जी फांद्यांमध्येच उडवते. म्हणजे थिअरी चुकलेली नव्हती, ती एकट्या सरळ चिरेबद्दल बोलत होती आणि ही बया एकटी राहतच नाही.

हे सगळं नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं. काचेची जाड सळई वाकवून मोडली की मोडलेली बाजू उजेडात तिरपी धरायची, भिंग असलं तर उत्तमच. एका ठिकाणी, बहुतेक कडेला, एक छोटासा गुळगुळीत अर्धगोल दिसतो, आरशासारखा लख्ख. चीर तिथून सुरू झाली, आणि त्या अर्धगोलाच्या बरोबर मधोमध मूळ चरा असतो. त्याच्या बाहेर एक मंद पट्टा, काचेवर वाफ धरल्यासारखा. त्याच्याही बाहेर खरबरीत, लांब लांब रेघा, सगळ्या बाहेरच्या दिशेने गेलेल्या. आत चीर वेग घेत होती पण सरळ होती, वाफेच्या पट्ट्यात बारीक फांद्या सुरू झाल्या, खरबरीत भागात फांद्यांचा सुळसुळाट, आणि त्याच्या पुढे चीर फुटून दोन होते. त्यात तो आरसा जितका लहान तितका फुटतानाचा स्ट्रेस जास्त, स्ट्रेस आणि आरशाच्या त्रिज्येचं वर्गमूळ यांचा गुणाकार एका काचेसाठी कायम राहतो. त्यामुळे काच का फुटली याचा तपास करणारे लोक तुकडे जुळवून आधी हा अर्धगोल शोधतात. आणि बघा, इथे लोड अगदी हळू दिला तरी चीर मात्र सुसाट पळालेली असते. लोडचा वेग वेगळा, चिरेचा वेग वेगळा, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते, नुसतं वेगात फुटलं एवढं म्हणून भागत नाही.

लोडचा वेग वाढवला की मुख्य काय बदलतं तर चिरांची संख्या. हळू लोड दिला की सगळ्यात कमजोर चरा आधी सुटतो, त्याची चीर पळते, आजूबाजूचा ताण मोकळा होतो, बाकीच्या चऱ्यांना संधीच मिळत नाही. वेगात दिला की पहिल्या चिरेची खबर पोचायच्या आत लांबच्या भागात ताण वाढून दुसरा चरा सुटलेला असतो, मग तिसरा, चौथा. दुसऱ्या महायुद्धात नेव्हिल मॉटने तोफगोळ्यांचे तुकडे केवढे होतात याचं गणित याच विचाराने मांडलं. गोळ्याचं कवच म्हणजे फुगत जाणारं कडं समजा. एक चीर पडली की तिच्यापासून दोन्ही बाजूंना ताण मोकळा करणाऱ्या लाटा निघतात, त्या जिथपर्यंत पोचल्या तो भाग वाचला, जिथे नाही पोचल्या तिथे कडं अजून ताणलं जातंय आणि तिथे कधीही नवी चीर पडू शकते. कडं जितकं वेगात फुगेल तितका लाटांना वेळ कमी आणि तुकडे जास्त. पुढे १९८२ मध्ये ग्रेडीने एनर्जीच्या हिशोबाने एक सोपा नियम काढला, त्याप्रमाणे आठपट वेगाने ताणलं तर तुकड्याचा आकार साधारण एक चतुर्थांश होतो.

खिडकीच्या काचेत तर दोन्ही टोकं दिसतात. फेकलेला दगड काच वाकवतो, अख्खी काच त्यात ओढली जाते, मग लांबच लांब चिरा. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी पातळ शीटवर मोजून दाखवलं की मध्यापासून निघणाऱ्या चिरांची संख्या आदळण्याच्या वेगाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, वेग चौपट तर चिरा दुप्पट. बंदुकीची गोळी मात्र ४०० मीटर प्रति सेकंदाने आली तर ४ मिलिमीटरची काच १० मायक्रोसेकंदात पार करते. तेवढ्या वेळात काचेतली शिअर लाट, म्हणजे आडवी हलवणारी, साडेतीन सेंटीमीटरसुद्धा जात नाही, आणि काच वाकवणारी लाट तर त्याहून हळू. गोळी निघून गेल्यावर काचेला कळतं. म्हणून भोक पडतं, भोकाभोवती थोड्या चिरा, आणि बाहेर पडायच्या बाजूला भोक जास्त रुंद, शंकूसारखं.

धातूंची गोष्ट वेगळी आणि मला विचाराल तर जास्त मजेशीर. धातू वाकतो कारण त्यातल्या अणूंच्या रांगांमध्ये डिसलोकेशन नावाचे दोष असतात आणि ते सरकतात. लोखंडात त्यांना अडथळे ओलांडायला उष्णतेची मदत लागते, अणूंची थरथर त्यांना ढकलते. थंडी असली तर थरथर कमी, आणि लोड वेगात आला तर थरथरीने मदत करायला वेळच नाही, परिणाम एकच. म्हणून स्टीलसाठी जास्त वेग आणि कमी तापमान हे एकाच बाजूला ढकलतात, वाकायचं सोडून ते काचेसारखं खाडकन तुटतं. ॲल्युमिनियम आणि तांब्यात अणूंची मांडणी वेगळी असते, त्यांचं असं होत नाही. शार्पी टेस्ट याचसाठी असते, १० बाय १० मिलिमीटरचा ५५ मिलिमीटर लांब तुकडा, मध्ये २ मिलिमीटरची खाच, आणि साधारण ५ मीटर प्रति सेकंदाने येणारा लोलकाचा हातोडा. तुकडा मोडून हातोडा पलीकडे किती वर गेला त्यावरून किती एनर्जी खाल्ली ते कळतं.

१६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलँडला स्केनेक्टडी नावाचं नवं कोरं टँकर जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभं असताना जवळजवळ मधोमध दुभंगलं. ना वादळ ना टक्कर. थंडी होती, आणि स्टील त्या थंडीत ठिसूळ होणाऱ्यातलं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी त्या काळातल्या अशा जहाजांच्या स्टीलचा हा दोष दाखवून दिला. पण लोड तर हळू होता, मग वेगाचा संबंध काय? संबंध चिरेच्या टोकाशी आहे. चीर एकदा पळायला लागली की तिच्या पुढ्यातलं स्टील काही मायक्रोसेकंदात शून्यापासून तुटण्यापर्यंत ताणलं जातं, म्हणजे लोड कितीही हळू असला तरी टोकाला वेगवान लोडच आहे. त्यामुळे तेच स्टील उभी चीर अडवू शकतं आणि पळती चीर अडवू शकत नाही. त्यात प्लेटा वेल्ड करून जोडलेल्या, रिव्हेटच्या सांध्यावर चीर थांबण्याचीही सोय नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की ठीक आहे, वेग वाढला की ठिसूळपणा वाढतो. नाही! कालटॉफने १९८० च्या दशकात जर्मनीत मॅरेजिंग स्टीलच्या (हे फार मजबूत जातीचं स्टील) खाचा पाडलेल्या प्लेटवर कडेने मारा केला. कमी वेगात खाचेच्या टोकापासून ७० अंशांच्या आसपास वळलेली ठिसूळ चीर गेली. वेग अजून वाढवला तर चीर गायब, आणि जवळजवळ सरळ पुढे शिअरचा एक बारीक पट्टा गेला, म्हणजे ठिसूळपणा सोडून प्रकार उलट घसरण्याकडे गेला.

याचं कारण उष्णता. धातू वाकवायला लागलेल्या कामाचा बहुतांश भाग, टेलर आणि क्विनी यांनी १९३४ मध्ये मोजल्याप्रमाणे साधारण ९० टक्के, उष्णतेत जातो. हळू वाकवलं तर ती पसरून जाते, कळतही नाही. पण स्टीलमध्ये १० मायक्रोसेकंदांत उष्णता जेमतेम १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, सरकते. वेगवान माऱ्यात ती जिथल्या तिथे कोंडते, तो भाग तापून मऊ होतो, मऊ झाला म्हणून सगळं घसरणं तिथेच होतं, त्यामुळे तो अजून तापतो. हे चक्र सुरू झालं की काही दहा मायक्रॉन रुंदीच्या पट्ट्यात सगळा खेळ आटोपतो आणि बाजूचं स्टील जवळजवळ थंडच राहतं. टायटॅनियम जोरात मशीनिंग करताना निघणारी चिप करवतीच्या दात्यांसारखी येते ती याचमुळे, टायटॅनियममधून उष्णता फार हळू वाहते म्हणून त्यात हे लवकर होतं.

त्यामुळे मटेरियलच्या डेटाशीटवर छापलेली मजबुती वेगवान माऱ्याच्या कामाला जशीच्या तशी लावणं मला धोक्याचं वाटतं. ती नेहमीच्या मशीनवर मिनिटं घेऊन हळूहळू ताणून काढलेली असते. वेगवान आकडे काढायला कोल्स्कीने १९४९ मध्ये, बर्ट्रम हॉपकिन्सन माऱ्याच्या लाटा मोजायला जी लांब सळई वापरायचा, तिचे दोन भाग केले आणि मध्ये छोटा नमुना ठेवला, एका सळईतून लाट पाठवायची, किती परत आली आणि किती पलीकडे गेली यावरून नमुन्याचं काय झालं ते काढायचं. नमुना छोटाच हवा, नाहीतर लाट त्याच्यात इकडून तिकडे फिरून तो सगळीकडे सारखा दाबला जायच्या आत टेस्ट संपलेली असते. काँक्रीटच्या बाबतीत तर अजून वाद आहे, वेगात मारलं की त्याची मजबुती वाढलेली दिसते, पण त्यातला काही भाग काँक्रीटचा नसून त्याच्या जडत्वाचा असतो, बाजूला सरकायला वस्तुमानाला वेळ लागतो तोपर्यंत ते स्वतःलाच आवळून धरतं. हा आकडा थेट डिझाईनमध्ये घालणाऱ्यांनी जरा जपून.

नासाच्या कोलंबिया अवकाशयानाच्या वेळी अंदाज चुकला तो साधारण अशाच ठिकाणी. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला, पाऊण किलोच्या आसपासचा, हातात धरला तर काहीच नाही असा. पण आदळला २४० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, म्हणजे २० किलोज्यूलहून जास्त एनर्जी, आणि समोर कार्बनचं ठिसूळ पॅनेल. फोमने एवढं होईल यावर अनेकांचा विश्वास बसेना. मग जुलै २००३ मध्ये सॅन अँटोनियोला गॅस गनने तसाच फोम खऱ्या पॅनेलवर मारून बघितला तर ४० सेंटीमीटरच्या आसपासचं भगदाड पडलं.

आणि ती रेले वेगाची मर्यादा? ती उघडणाऱ्या चिरेला आहे. दोन बाजू एकमेकींवरून घसरत जाणारी चीर शिअर लाटेच्याही पुढे पळू शकते, रोझाकिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कॅलटेकला प्लास्टिकच्या शीटमध्ये हे प्रत्यक्ष दाखवलं. भूकंपात फॉल्ट, म्हणजे जमिनीतली जुनी भेग, घसरतो तेव्हा नेमकी हीच चीर असते, फक्त शेकडो किलोमीटर लांब. २००१ चा तिबेटच्या पठारावरचा कुनलुन, २००२ चा अलास्कातला देनाली, २०१८ चा इंडोनेशियातला पालू, या भूकंपांमध्ये फॉल्टच्या काही भागात चीर शिअर लाटेपेक्षा वेगात गेली असं नोंदींवरून दिसतं. तेव्हा आवाजाच्या वेगापुढे गेलेल्या विमानामागे असतो तसा धक्क्याचा पट्टा जमिनीत तयार होतो, आणि तो फॉल्टपासून लांबपर्यंत फारसा न ओसरता जातो.